मठाच्या दारावरचा मंत्र

हाताच्या डॉक्टरांकडे शिवणकाम करणारी बाई नंबराची वाट बघत होती. सुई अंगठ्यात मोडली होती. शेजारच्या बाकावर म्हातारा अक्षरकार आणि त्याची लेक बसली होती.

“बाबा, हात किती थरथरतो ते खरं सांगा हं.”

“सांगतो. आधी तू सांग, मठातून मी लिहून दिलेला मंत्र परत आला ना?”

“नाही. दारावर लावलाय.”

“तो वाकडातिकडा ‘ॐ मणिपद्मे हुं’? आणि जुना, सुबक होता तो?”

“काढून ठेवला. थोरले भिक्षू म्हणाले, तो बघून लोक नुसते ‘काय हात आहे’ म्हणायचे. हा वाचायला एकेका अक्षरापाशी थांबावं लागतं. तेवढ्यात मंत्र म्हणून होतो.”



“पूर्वी पाच मिनिटांत लिहायचो गं. अर्थ मनात यायचाच नाही. या खेपेला सहा अक्षरांना अख्खी सकाळ गेली. ‘दुःख सरो’ म्हणायला सवड मिळाली.”

“कुणाचं?”

“आधी माझंच. मग आठवतील त्यांचं.”

आतून त्यांना हाक आली.

“मग हाताला औषध नको म्हणायचं का?”

“नको कशाला? चहा तरी न सांडता पिऊ दे.”

बाईने पाय आखडून त्यांना वाट दिली.