पुलावरच्या केसचा वकील

बसच्या रांगेत पुढे नणंद-भावजय कुजबुजत होत्या. मागे उभ्या शिंपीणबाईंचे कान तिखट.

“वन्सं, तुम्ही रोज पेपरातल्या कोर्टाच्या बातम्या वाचता. आपल्याकडे चांगला वकील कोण हो?”

“कशासाठी हवाय, त्यावर आहे. चोरीच्या खटल्यातून त्या ड्रायव्हरला सोडवलं ना, ती वकीलबाई पक्की आहे.”

“आणि पुलावर तो दूधवाला गाडीखाली गेला, त्या केसला कोण आहे?”

“अहो वहिनी, गाडीवालाच सापडला नाही अजून. वकील कुठून येणार?”

“म्हणून तर विचारतेय.”

बस आली. दोघी जागच्या हलल्या नाहीत. शिंपीणबाईंनीही त्यांना ‘चला’ म्हटलं नाही.

“वहिनी, दादाची गाडी कुठेय?”