किसनच्या हाताची सूज

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की मला पाथर्डीकडचा किसन आठवतो. गुऱ्हाळाच्या चरकात त्याच्या पंजावरची कातडी सोलून निघाली होती. मी तेव्हा शिकाऊ डॉक्टर होतो; आमच्या सर्जन सरांनी तो हात तीन आठवडे पोटाला शिवून ठेवला आणि पोटाची कातडी हातावर बसवली. त्या साली पोटावर चरबी होती कुणाच्या? हात छान सडपातळ झाला.

दोन वर्षांनी किसन हातावर आंबेहळद थापून आला. "डाक्टर, लई लेप लावले, पन सूज उतरंना."

सरांनी हात दाबून पाहिला, मग त्याचं पोट चिमटीत धरलं. "अरे, सूज नाही ही. कातडी पोटाची आहे. पोट सुटलं, तसा हातही सुटला. चरबी काढून पुन्हा बारीक करू?"

किसननं हात पाठीमागं लपवला.

"नगं सायेब. लई दिसांनी जाड झालाय."