बाबांसोबत पाण्यापर्यंत

सगळ्यांना जय भीम.

कोणी शहपुऱ्याहून आलं, कोणी महाराजपुरातून, आत्याबाई तर भंडाऱ्याहून आल्या. एवढ्या थंडीत आलात. मला माइकवर बोलायची सवय नाही. मी म्हटलं होतं, माझं नाव लिहू नका. पण सात दिवस झाले, एक गोष्ट छातीवर बसून आहे. ती सांगते आणि खाली बसते. मध्ये थांबले तर थोडं थांबा माझ्यासाठी.

मी सुजाता. देवराव बाबांची सून. मिलिंदची बायको.

बाबा रेल्वेत चावीवाले होते, हे इथं बहुतेकांना माहीत आहे. लहान पोरांना माहीत नसेल म्हणून सांगते. खांद्यावर हातोडा घ्यायचा, रोज रुळांवरून काही मैल पायी चालायचं, आणि रूळ धरून ठेवणारी प्रत्येक ढिली चावी ठोकून घट्ट करायची. उन्हात, पावसात, कोणताही मोसम असो. बत्तीस वर्षं. रिटायर झाल्यावर माणूस घरी बसतो ना? बाबा नाही बसले. शहराबाहेर ते निसर्ग केंद्र आहे, जंगलातली पायवाट आणि पुढे दलदलीतून जाणारी पाण्याकाठची वाट, तिथं दर रविवारी जायला लागले. एकटे.

मी एकदा विचारलं, "बाबा, चालून चालून जिंदगी गेली, अजून काहून चालता?"

म्हणाले, "रुळावर खाली पाहून चाला लागते, पोरी. बत्तीस वर्षं डोक्यावरून पक्षी गेले, मी त्याईच्या सावल्या पाह्यल्या. आता पक्षी पाहून राहिलो."

मग मिलिंद गेला.

तापाचं निमित्त झालं. आठ दिवस. सहा वर्षं झाली, तरी मला आठच दिवस आठवतात. सासूबाई आधीच गेल्या होत्या. घरात उरलो आम्ही दोघं, एक सासरा आणि एक सून. मी बडा फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात ब्लाउज शिवायचं काम करत होते, ते सुटलं. मी खोलीतून बाहेर येत नव्हते.

आत्याबाई, तुम्ही समोर बसल्या आहात. राग मानू नका. तुम्ही माझ्या भल्यासाठीच बाबांना म्हणालात, "पोरगी लहान आहे, तिले माहेरी पाठव." बाबा जेवत होते. ताटावरचा हात न उचलता म्हणाले, "तिले जायचं असन तं तिनं सांगावं. आपून नाही सांगायचं. घर तिचंच आहे."

त्याच रविवारी त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. "चल, जोडे घाल."

मी म्हटलं, "बाबा, मला नाही होत."

"तुले काही करायचं नाही. नुसतं चालायचं आहे."

मी गेले. सागाचं जंगल होतं, पानं वाळून खाली पडलेली, पाय ठेवला की आवाज व्हायचा. वाट अरुंद. दोघं बाजूबाजूनं चालू शकत नाहीत. बाबा थांबले आणि मला म्हणाले, "माह्या मांगं चाल. रडायचं असन तं रड. मी मांगं वळून पाहत नाही."

आणि ते चालायला लागले.

मी रडले, हो. घरात रडता येत नव्हतं, लोक यायचे, पाणी द्यायचे, समजावायचे. तिथं कोणी समजावलं नाही. पुढे ती खाकी पाठ. हळूहळू चालणारी. मी थांबले की ती थांबायची. मी निघाले की ती निघायची. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. पाण्यापर्यंत पोहोचलो तेव्हा माझी ओढणी भिजली होती. बाबांनी थर्मासमधून चहा काढला, कप माझ्या हातात दिला आणि बोट दाखवून म्हणाले, "ते पाह्य, टिबुकली. आता बुडन. आता तिकडं निघन." मी पाहिलं. पाण्यावरचं ते इवलंसं पाखरू बुडालं आणि तिकडे निघालं.

असे किती रविवार गेले, मोजले नाहीत. दोनेक महिन्यांनी मी परत मशीनवर बसले.

आता ती गोष्ट सांगते.

मिलिंदच्या मातीच्या दिवशी बाबा रडले नाहीत. इथं बसलेल्या काही लोकांनी तेव्हा म्हटलं होतं, "देवराव दगडाचा आहे." मी ऐकलं होतं. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटलं होतं. मीही मनात राग धरला होता त्यांच्यावर.

दीडेक वर्षानंतरची गोष्ट. दलदलीवरचा लाकडी पूल आहे ना, दोन्ही बाजूंना लव्हाळी, तिथं बाबा थांबले. म्हणाले, "आज तू समोर हो."

"काहून बाबा? पाय दुखून राहिले काय?"

"समोर हो म्हणलं ना."

मी पुढे झाले. दहा-वीस पावलं गेले असेन. आधी वाटलं, खोकताहेत. मग कळलं. सत्तरीतला माणूस, लहान लेकरासारखा रडत होता. मिलिंदचं नाव घेऊन. मिलू, मिलू, असं. मी हे नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, मागं जावं, हात धरावा. नाही गेले. वळूनही पाहिलं नाही. फक्त पावलं हळू केली.

केंद्राच्या गेटजवळ नळ आहे. त्यांनी तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "चलो, चाय पिऊन जाऊ."

त्यावर आम्ही कधी बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे. दगड नव्हते हो बाबा. दगड नव्हते.

या पावसाळ्यापासून त्यांची छाती भरायला लागली. डॉक्टर म्हणाले, चालणं बंद. तरी गेटपाशी नेत होते मी, बाकावर बसवत होते. शेवटच्या रविवारी म्हणाले, "पाण्यापर्यंत नेते काय? चकवे आले असतीन." थंडीत पाण्यावर येणारी ती बदकं. मी म्हटलं, "बाबा, तब्येत पाहा. पुढच्या रविवारी नक्की." त्यांनी हट्ट केला नाही. "अच्छा, ठीक आहे," एवढंच म्हणाले.

गुरुवारी सकाळी गेले.

नेलं असतं तर काय झालं असतं? दम लागला असता. अजून काय? हा प्रश्न मी रोज विचारते. तुम्ही उत्तर देऊ नका. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच गेले. गेटवरच्या भैयांनी विचारलं, "दीदी, बाबूजी नहीं आए?" मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली.

पूर्ण वाट चालले. पाण्यापर्यंत.

बाबा, चकवे आले आहेत. मी मोजले, अकरा आहेत. तुम्ही विचारलं असतं, म्हणून सांगते.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, बाबांना चालेल.

जय भीम, बाबा.