भातावर लटकलेला बॅकअप

बॅकअपचं मला शिकवू नका. दुसरी हार्डडिस्क परवडेना, म्हणून मी घरचे सगळे फोटो सीडींवर उतरवले आणि पिशवी उत्रोलीला सासऱ्यांच्या माळ्यावर ठेवली. पिशवीत काय आहे ते सांगितलं नाही; "फोटो दोन ठिकाणी ठेवलेत" एवढी फुशारकी मात्र मारली.

पुढं हार्डडिस्क उडाली. उत्रोलीला गेलो, तर उन्हापावसानं खराब झालेल्या माझ्या सीडी भातावर दोरीला लटकत होत्या.

"मामा, हे काय?"

"पाखरांसाठी. गेल्या साली खराब सीडी तुमीच दिल्या व्हत्या की. औंदा एक पाखरू बसंना बगा."

घरात सासूबाईंनी चहा दिला. "पावणं, लग्नाचे फोटो कवा दावताय?"

मी चहा बशीत ओतला.

सासरेच म्हणाले, "दावतील की. त्यांनी दोन ठिकाणी जपून ठेवलेत."