फळ्यावरचं शून्य

मंडळी, ऐका. नमन झालं, देवाला हार घातला. आता त्याच्याच साक्षीनं एक प्रश्न विचारतो. पाप कशात असतं, खोटं बोलण्यात? ते तर आहेच! पण स्वतः न बघता, कुणाला न विचारता 'खरं आहे, खरं आहे' म्हणून मान डोलावण्यात पाप असतं की नाही? बघा, लगेच डोलावायला लागलात!

हिंगोलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, तिथले पाहुणे मांडवात बसलेत. घरोघर हळद. ती काढायची, मोठ्या कुकरात वाफेवर शिजवायची आणि उन्हात वाळत घालायची. या कुकरवर मुंजाजी नावाचा गडी राबायचा. पन्नाशीचा, अंगानं काटक. त्याची बायको द्रौपदाबाई.

गावाला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे सरकारी दवाखाना. जिल्ह्यात पहिला नंबर! दारात फळा, त्यावर खडूनं लिहिलेलं — 'उष्माघाताचे रुग्ण : शून्य'. आत उन्हाच्या रुग्णांसाठी वेगळी खोली, नवा कूलर, पांढऱ्याशुभ्र चादरी. दुसरा अभिमान असा, की आमच्या माणसाला ऊन बाधत नाही! सप्त्यात एका महाराजांनी सांगितलंच होतं, "हवा बदलली, हवा बदलली, काय लावलंय? ऊन पूर्वीही होतं. आपले आजे त्यातच राबले. हवा नाही बदलली, माणूस नाजूक झाला!" काय टाळ्या पडल्या म्हणता! सगळ्यात मोठी टाळी मुंजाजीची.

चैत्र लागला. दुपारचा एक वाजला. द्रौपदाबाई म्हणाली, "अहो, कुकर बंद करा आता. भिंतीसुदीक पहाटंपस्तोर पोळायल्यात. पूर्वी चैतात पहाटं गोधडी लागायची, ध्यानात हाय का?"

मुंजाजी हसला. "महाराज काय म्हन्ले, ऐकलं न्हाईस का? आज्यानं केलं, मला काय व्हतंय?"

आजा राबला, कबूल! पण दुपारी आजा कुठं असायचा? लिंबाखाली आडवा! तेवढं सांगायचं महाराज विसरले.

तीनच्या सुमारास मुंजाजी काहीबाही बरळायला लागला. अंग तापलेलं, घामाचा थेंब नाही. तिथंच कोसळला. शेजाऱ्यानं टेम्पोत घातला आणि दहा मिनिटांत दवाखाना गाठला. पहिल्या नंबरचा दवाखाना! आणि खोलीला — कुलूप.

कुलूप का? तर तपासणीचं पथक येणार होतं, चादरी मळायला नकोत. अहो, देवघर सोवळ्यात ठेवतात तशी ती खोली ठेवलेली. कूलरवरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. चावी डॉक्टरांच्या खिशात, डॉक्टर तालुक्याला मीटिंगला. दवाखान्यात एकट्या वच्छला सिस्टर. त्यांनी अँब्युलन्सला फोन केला, व्हरांड्यातच त्याच्या अंगावर ओली फडकी टाकली, द्रौपदाबाईला पाणी शिंपडायला लावलं आणि टेम्पोवाल्याकडून दगडानं कुलूप फोडून घेतलं. कूलर सुरू झाला तेव्हा मुंजाजी गेलेला होता.

मग इतकी वर्षं फळ्यावर शून्य कसं? सिस्टरांनी नंतर रडत सांगितलं. उन्हानं आलेल्या माणसाच्या नावापुढं 'चक्कर' लिहायचं, असा वरून निरोप. त्या लिहीत गेल्या. गाव फळा वाचत गेलं.

तेराव्याला त्याच महाराजांचं प्रवचन ठेवलं होतं. महाराज उभे राहिले. द्रौपदाबाई समोर येऊन बसली. डोळे कोरडे. म्हणाली, "महाराज, ऊन पूर्वीवानीच हाय म्हन्ला तुमी. कुणी मोजलं व्हतं? तुमी इचारलं व्हतं का कुणाला?"

त्या वाक्याला हमखास टाळी पडते, एवढंच महाराजांना माहीत होतं.

मंडळी, ते महाराज मीच.

प्रवचन झालं नाही. आम्ही सगळे उठून दवाखान्यात गेलो. फळा तसाच होता. सिस्टरांनी पदरानं शून्य पुसलं आणि खडू द्रौपदाबाईपुढं धरला. ती म्हणाली, "मला लिव्हता येत न्हाई." सिस्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि फळ्यावर एकचा आकडा लिहिला. मंडळी, नवऱ्याला तिनं तेवढंच एक अक्षर लिहिलं.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या दवाखान्यातली खोली शेवटची कधी उघडली? बघून आलात? उन्हाचं, पावसाचं जे चावडीवर बोलता, ते मोबाईलवर आलं म्हणून बोलता, की कुणाला विचारून? आणि मी मघापासून इथं उभा राहून बोलतोय, मला तरी कुणी विचारलं का, 'महाराज, हे तुम्हाला कुठून कळलं?' विचारा. आत्ता विचारा, मी थांबतो.

...गप्प बसलात. मुंजाजीही गप्पच बसला होता. त्यानं नुसती टाळी वाजवली होती.