कारखान्याची परदेशी डिग्री

न्हाई मामा, मोटारीचा दोष न्हाई — बोअरला पाणी न्हाई अन् तुमी बटन दाबून घरी गेलात, वाइंडिंग जळणारच. भरून देतो, बसा. पण तुमी आता काय म्हणलात? पाटोद्याच्या रस्त्याला बोर्ड लागलाय, परदेशी इंजिनियरिंगची डिग्री, दोन वरीस हितं अन् दोन तिकडं — पोरीला तिथं घालायचं म्हणता? बोर्डावर फोटो कुणाचा हाय? राधाकिशन चेअरमनचाच ना? मग मला इचारा. मी त्यांच्या पयल्या कालेजातला.

हसू नका. हा सुग्रीव काय जन्मभर मोटारीच भरत न्हवता. आमच्या माळावर सहकारी साखर कारखाना हाय ना, त्याच्याच आवारात चेअरमननं कालेज काढलतं. इंग्लंडच्या विद्यापीठाशी करार. गोरे पाहुणे आलते, त्यांना फेटे बांधले, ते घामानं भिजले तरी सोडीनात. माझे वडील, आप्पा, कारखान्याचे संचालक — सभासदांच्या घरोघरी गेले, म्हणले आपल्या उसातून उभं राहिलंय, आपलीच पोरं घाला. अन् शिकवायचे चांगलं, खोटं कावून बोलू? पडद्यावर तिकडच्या मॅडम यायच्या, समजलं न्हाई तर पुन्हा सांगायच्या. वर्गात हुशार कडूबाई — लिंबागणेशच्या सटवाची पोरगी, घरी मेंढरं अन् गाई. मॅडमला तिचं नाव धड घेता यायचं न्हाई, पण उत्तर तिलाच इचारायच्या. माझ्या शेजारी बसायची. म्हंजी, बाकावर जागा असायची म्हणून — दुसरं काय न्हाई.

मग दुष्काळ पडला. ऊस वाळला, गाळप बंद, अन् कालेजला वीज कारखान्याचीच — पडदा काळा. होस्टेलला टँकर येईना. पोरं पांगली. वर्गात चारा छावणी केली, मॅडम दिसायच्या त्या खोलीत जनावरं बांधली. सटवाच्या गाईबी तिथंच, कडूबाई शेण भरायला यायची. तिकडच्यांनी करार मोडला. आमी चेअरमनकडं गेलतो, तर म्हणले, "पाऊस पडू द्या, सगळं चालू करू." मी म्हणलं साहेब, डिग्री काय बाजरी हाय का, पाऊस पडल्यावर उगवायला? आप्पांनी चारचौघांत मलाच गप केलं.

कडूबाई गप बसली न्हाई. तिनं मॅडमला फोन लावला, अन् मॅडमनं भांडून आमाला तिकडं फुकट शिकायची सोय करून दिली. छावणीत येऊन म्हणली, "सुग्रीव, तुझंबी नाव दिलंय. चल." पासपोर्टबी निघालता माझा. पण आप्पा म्हणले, संचालकाचाच पोरगा पळाला तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं, चेअरमननं शब्द दिलाय. मी ऱ्हायलो. ती गेली. सटवानं तिला बसमध्ये बसवलं, अन् बस गेली तरी माणूस फाट्यावरच उभा.

पुढं पाऊस झाला की. कालेजात अजून कडब्याच्या गंजी हायत.

तिकडून पयल्याच फोनला कडूबाई म्हणली, "चेअरमनचा पोरगा माझ्या मागच्या बाकावर बसतो." कळलं का मामा? हितं चेअरमननं गावभर सांगितलं, पोरगं साखरेची मशिनरी शिकायला गेलंय, कारखान्यासाठी. अन् बसलंय कुठं, तर मॅडमनं आमच्यासाठी भांडून मिळवलेल्या जागेवर, कालेजच्या यादीत नाव घुसडून. आमाला मात्र आभाळाकडं बघायला लावलं. आप्पांना ह्या जागेचं ठावं न्हाई. मी सांगितलंच न्हाई. रोज धुतलेलं धोतर नेसून बंद कारखान्याच्या गेटवर जाऊन बसतात, मला म्हणतात यंदा चालू होणार, तुझं शिक्षण अर्धं ठिवणार न्हाई. त्या माणसाला काय सांगू — तुमी ज्याच्यासाठी मला थांबवलं, त्यानं आपलं पोरगं आमच्याच जागेवर पाठवलतं? तिला तिकडं नोकरी लागली. परवा म्हणली, अजूनबी ये. मी म्हणलं, सीझन हाय, मोटारी लई पडल्यात. तिनं फोन ठिवला न्हाई. मीबी ठिवला न्हाई — लई येळ —

आता तुमच्या पोरीचं म्हणाल तर — थांबा. गप बसा मामा, आप्पा आले. चेअरमनचा विषय काढू नका, हात जोडतो.

या आप्पा, ऊन लई हाय, हितं पंख्याखाली बसा. काय म्हणले गेटवर?... व्हय. व्हय आप्पा, होईल की चालू.

तुमी निघा मामा.