माझ्या भल्यासाठी उकडलेला दुधी

...आणि वर मलाच म्हणतात, "तू हल्ली चिडतेस फार!" अहो, चिडू नको तर काय करू? कॅन्सर झाला, ठीक आहे. डाव्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केस गेले, मागोमाग भुवयाही गेल्या, तेही ठीक... पण उकडलेला दुधी? बिनमिठाचा? आणि तोही रोज? का, तर म्हणे तुझ्याच भल्यासाठी.

आता हा दुधी आला कुठून ते ऐका. माझी केमो सुरू झाली आणि सासूबाई पुण्याहून अबू धाबीला आल्या, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या फ्लॅटवर, बॅगेत नाचणीचं सत्त्व आणि तोंडात सूचना घेऊन. बाई खंबीर, पण आजाराचं नाव म्हणून घ्यायच्या नाहीत. पुण्याला फोनवर काय सांगायच्या? "मृणालिनीला जरा कणकण आहे." डोक्यावर एक केस नाही, आणि कणकण! त्यात आमच्या नवऱ्याच्या, उपेंद्रच्या, इनबॉक्समध्ये जगातले सगळे फॉरवर्ड येऊन पडलेले. साखर बंद, दूध बंद, अंडं बंद, मीठ बंद, बटाटा तर जन्माचा वैरी, आणि सकाळी उठल्या उठल्या गव्हांकुरांचा हिरवागार रस. डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते विचारायचं कुणी? मी विचारणार होते, पण मला मळमळत होतं.

तरी मी बंड केलं असतं हो! ताट सरकवलंसुद्धा होतं. तेवढ्यात उपेंद्रनं काय करावं? देवापुढे उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "मृणाल बरी होईपर्यंत मी चहा सोडला, तळलेलं सोडलं, गोड सोडलं. ती खाईल तेच मी खाईन." लगेच सासूबाईंनीही सोडलं. आमची लेक आभा, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी, तीही म्हणाली, "ओके, फाइन, मी टू." आता घरातली तीन माणसं माझ्यासाठी जीभ बांधून बसल्यावर मी कुठल्या तोंडानं म्हणू, मला दुधी नको? रडले हो मी त्या दिवशी. आणि मुकाट्यानं खात राहिले, त्यांच्या त्यागाचा मान राखायला.

बरं, एक गोष्ट मला कळेना. मी वाळत चाललेली, आणि या तिघांच्या तब्येती मात्र सुधारत होत्या. सासूबाईंच्या ब्लाउजच्या शिवणी उसवायला लागल्या. मी म्हटलं, त्यागाचं तेज असेल. रोज संध्याकाळी तिघं मिळून फार्मसीत जायची. एवढी कसली औषधं? विचारलं तर, "तू पड गं, दगदग नको करूस, तुझ्याच भल्यासाठी."

मग पुढच्या केमोला आम्ही सगळेच गेलो. डॉक्टरीणबाई इजिप्तच्या. त्यांनी वजन बघितलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला, आणि म्हणाल्या, आज केमो नाही. पांढऱ्या पेशी कमी, वजन कमी, आधी खा, मग या. मी म्हटलं, काय खाऊ? तर लाडानं म्हणाल्या, "हबीबती, एव्हरीथिंग! अंडी खा, चिकन खा, सगळं शिजवलेलं खा. आणि हे कच्चे रस खलास. हू टोल्ड यू?" मी उपेंद्रकडे बघितलं. उपेंद्र छताकडे बघत होता. ज्या केमोवर माझा जीव टांगलेला, ती केमो दुधीपायी लांबली हो...

परतीच्या वाटेवर उपेंद्रचं डोकं काही ठिकाणावर नव्हतं, कारण घराजवळ आल्यावर त्यानं हाताच्या सवयीनं गाडी कॅफेटेरियाकडे वळवली. आता इकडची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे, करकसाठी, म्हणजे कडक चहासाठी, कुणी गाडीतून उतरत नाही, हॉर्न द्यायचा की माणूस खिडकीशी हजर. यानं तर हॉर्नही दिला नाही! तो केरळी कॅफेटेरियावाला आपणहून ट्रे घेऊन आला. "साब, तीन करक चाय रेडी. बेबी का चीज पराठा. अम्मा का समोसा, चटनी ज्यादा." आणि मग मला बघून, फार प्रेमानं, "आज मेहमान भी है?"

मेहमान. मी!

सासूबाई पदरानं समोसा झाकायला लागल्या. आभा म्हणाली, "मम्मा, इट्स नॉट व्हॉट इट लुक्स लाइक." मी एवढंच विचारलं, "रोज?"

उपेंद्र स्टिअरिंगला धरून बसला होता. म्हणाला, "खायला नाही येत गं. बोलायला येतो. घरात बोललं की तुला ऐकू जातं."

"काय बोलायला?"

"मला नोटीस मिळालीय."

साल दोन हजार नऊ, मंदीचं. अर्धवट टॉवर, जागच्या जागी थांबलेल्या क्रेन, आणि दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं याचं ऑफिस रोज थोडं थोडं रिकामं होत होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की इन्शुरन्स, आणि इन्शुरन्स गेला की माझी केमो. अल ऐनच्या एका कॉन्ट्रॅक्टरशी बोलणी चालली होती, तो इन्शाल्ला म्हणाला होता. आता इकडचं इन्शाल्ला म्हणजे हो की नाही, ते कळेपर्यंत माणूस म्हातारा होतो.

पण तुम्हाला सांगते, मला नोकरीचं तेवढं लागलं नाही. बाजार बुडतो, कंपन्या बुडतात. माझं स्वतःचं शरीर मला न सांगता फिरलं, तिथे कंपनीचं काय घेऊन बसलात? पण ही तिघं? आजार माझा, केमो माझी, आणि मीटिंगला मी सोडून सगळे, समोसे घेऊन! मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, आई, तुम्ही तरी मला सांगायचंत.

तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "कॅन्सर झालेल्या पोरीला आणखी काय काय सांगायचं गं?"

पहिल्यांदा नाव घेतलं हो त्यांनी. माझा सगळा राग तिथेच अडकला, ना आत जाईना ना बाहेर येईना.

कॅफेटेरियावाला तसाच उभा. "भाभी को भी एक करक?" मी म्हटलं, सब कुछ लाओ. तोवर आभाच्या हातातला पराठा ओढून घेतला आणि मोठा घास घेतला. गरम, तुपकट, आत वितळलेलं चीज, आणि चव... चव पत्र्याची! केमोनं जीभच मेलेली. दुधी काय नि पराठा काय, सगळं एकच. म्हणजे घरच्यांनी फसवलं ते फसवलं, पराठ्यानंही फसवलं!

तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. उपेंद्रचे डोळे भरलेले. "कसा आहे?" त्यानं विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हटलं, आणि आणखी एक मागवला.

काय करणार... त्यांच्याच भल्यासाठी.